कलामहर्षी बाबूराव पेंटर : कोंढाण्याची लढाई आणि गिरणीचा मजूर पडद्यावर आणणारा मेस्त्री



आपल्या मिरज जंक्शनवरून कोल्हापूरची गाडी धरली की तासाभराच्या आसपास आपण कोल्हापुरात उतरतो. अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, कुस्तीचं मैदान, तांबडा-पांढरा रस्सा हे सगळं तुम्हाला माहीत आहे. पण याच गावात शंभर वर्षांपूर्वी एका मेस्त्रीच्या मुलाने स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा तयार केला होता, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्याच कॅमेऱ्याच्या जोरावर त्याने पुढे रात्रीची लढाई पडद्यावर दाखवली. आणि कर्जात बुडालेला शेतकरी जमीन गमावून गिरणीत मजूर कसा होतो, तेही दाखवलं. त्यांचं नाव बाबूराव पेंटर. आजच्या पाठात आपण त्यांचं चरित्र पाहणार आहोत.

जन्म आणि घर

बाबूरावांचं पूर्ण नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर. सुतारकाम, लोहारकाम आणि मूर्तिकाम या तिन्ही गोष्टी त्यांच्या हातात होत्या. म्हणजे बघा, ज्या वयात मुलं खेळण्यांशी खेळतात, त्या वयात बाबूरावांच्या आजूबाजूला रंधा, करवत, हातोडा, ऐरण आणि माती होती. लाकूड कुठे फाटतं, लोखंड कधी वाकतं, मातीला आकार कसा येतो, हे ते घरातच शिकले. कोणत्याही कलाशाळेत न जाता त्यांनी चित्रकला आणि शिल्पकला आत्मसात केली. पुढे चित्रांमुळेच लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडलं.

त्यांच्या बरोबरीने घडलेला दुसरा माणूस म्हणजे त्यांचे भाऊ आनंदराव. आनंदराव नात्याने चुलत, पण दोघांचं काम, ध्यास आणि स्वप्न एकच. १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटकांचे पडदे रंगवणारे म्हणून या दोघांचं नाव पश्चिम भारतात गाजलं. त्या वेळी नाटकात राजवाडा, जंगल, रस्ता हे सगळं कापडी पडद्यावर रंगवलेलं असायचं. पडदा जितका खरा वाटेल तितका प्रेक्षक नाटकात रंगून जायचा. आपल्या मिरज-सांगलीला तर हे सांगायलाच नको. सांगली ही विष्णुदास भावे यांची भूमी, आणि बालगंधर्वांनी किर्लोस्कर नाटक मंडळीत पहिलं पाऊल टाकलं ते मिरजेतच. अशा नाटकवेड्या मुलखात पडदे रंगवणाऱ्याला मान होता, पैसाही होता. बाबूराव तिथेच थांबले असते तरी त्यांचं आयुष्य सुखात गेलं असतं.

सिनेमाचं वेड आणि घरचा कॅमेरा

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र मुंबईत प्रदर्शित झाला. या भावांना सिनेमाचं वेडच लागलं. रंगवलेला पडदा कितीही खरा वाटला तरी तो जागचा हलत नाही. इथे तर पडद्यावरची माणसं चालत होती! आनंदरावांनी मुंबईहून सिनेमा दाखवण्याचं यंत्र, म्हणजे प्रोजेक्टर, आणला. लोकांना सिनेमे दाखवायचे, त्यातून पैसे साठवायचे आणि एकीकडे स्वतःचा कॅमेरा जुळवायचा असा त्यांचा बेत होता.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेरा जुळवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आजचा मोबाईल डोळ्यांसमोरून बाजूला ठेवा. त्या काळचा सिनेमा कॅमेरा म्हणजे एक पेटी. आत ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्मची लांब पट्टी. पट्टीच्या दोन्ही कडांना एकसारखी छोटी भोकं. बाजूला एक दांडा. दांडा हाताने फिरवला की आतली चाकं फिरतात, एक आकडा त्या भोकांत अडकतो आणि पट्टी एका चित्राइतकी खाली ओढतो. मग पट्टी क्षणभर थांबते. ती थांबलेली असतानाच भिंगासमोरची झडप उघडते आणि चित्र उमटतं. झडप मिटली की पट्टी पुन्हा पुढे सरकते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं. मुलांनो, गणित करा. एका मिनिटाला १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० चित्रं! यातलं एखादं चाक केसाएवढं जरी चुकलं तरी पडद्यावरचं चित्र थरथरतं किंवा फिल्म फाटते.

हे काम ते करत होते तेव्हा जगात पहिलं महायुद्ध चालू होतं. हाताशी मोठा कारखाना नव्हता, शिकवायला कोणी इंजिनिअर नव्हता. तरी काम चालू राहिलं. आणि अशातच १९१६ साली आनंदराव अकाली गेले. ज्याच्यासोबत स्वप्न पाहिलं तोच अर्ध्या वाटेवर गेला. कॅमेरा अजून अपुराच होता.

बाबूराव खचले असतील, पण थांबले नाहीत. विष्णुपंत दामले नावाचा त्यांचा एक शिष्य होता. यंत्रांत विष्णुपंतांचं डोकं विलक्षण चालायचं. गुरू-शिष्यांनी मिळून १९१८ साली चालणारा कॅमेरा उभा केला.

इथे थोडं थांबून आपल्याच भागाकडे बघूया. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या आणि मिरजेचं नाव देशभर झालं. तिकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर बनवले. बाबूरावांचा कॅमेरा हा याच मालिकेतला आहे. ज्याच्या हातात कसब आहे तो नवं यंत्र बघून घाबरत नाही. ते खोलून बघतो आणि मग स्वतः बनवतो.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

कॅमेरा असला म्हणून सिनेमा होत नाही. त्याला भांडवल लागतं. बड्या घरच्या लोकांनी सुरुवातीला रस दाखवला आणि मग अंग काढून घेतलं. अशा वेळी पुढे आल्या त्या गायिका तानीबाई कागलकर. बाबूरावांच्या कलेवर त्यांचा विश्वास होता. त्यांनी पैसे दिले, राजर्षी शाहू महाराजांचा आशीर्वाद मिळाला आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. मराठी सिनेमाच्या पायाचा एक दगड एका गायिकेने बसवला आहे, हे विसरू नका.

कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री. तो १९२० साली पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. त्या काळी बायकांच्या भूमिका बहुतेक पुरुषच करत. सिनेमात काम करणं बाईला कमीपणाचं मानलं जाई. बाबूरावांनी मात्र स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. समाजाचा रोष पत्करून त्यांनी हे काम केलं.

सैरंध्रीत भीम कीचकाचा वध करतो तो प्रसंग इतका खरा वाटला की सेन्सॉरची त्यावर नजर गेली. दुसरीकडे लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचं कौतुक करून त्यांना सिनेमा केसरी ही पदवी दिली.

इथपासूनच बाबूरावांची रीत दिसून येते. पडद्यावर जे दाखवायचं ते खरं वाटलं पाहिजे. जो माणूस आयुष्यभर कापडी पडदे रंगवत आला, त्यानेच सिनेमातून कापडी पडदे काढून टाकले! त्यांच्या जागी त्याने लांबी, रुंदी आणि खोली असलेले खरे सेट उभे केले. माणूस राहतो ती जागा राहण्यासारखीच दिसली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

सिंहगड : रात्रीची लढाई

१९२३ साली त्यांनी सिंहगड केला. हरि नारायण आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवर तो आधारलेला होता. कथा तुम्हाला तोंडपाठ आहे. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, तानाजी मालुसरे, कोंढाणा आणि उदयभान.

पण चित्रपट करणाऱ्यापुढे अडचण कोणती होती, विचार करा. लढाई झाली रात्री, आणि त्या काळचे सिनेमे चित्रित व्हायचे ते सूर्याच्या उजेडात. सूर्य मावळला की काम बंद. मग रात्र दाखवायची कशी? बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. आपल्याकडे असा प्रयोग करणाऱ्यांत ते अगदी पहिले. आज एक बटण दाबून आपण खोली उजळतो, पण अंधार दिसावा म्हणून प्रकाश लावणं ही तेव्हा किती नवी कल्पना असेल!

या चित्रपटात शेलारमामांची भूमिका एका विशीतल्या तरुणाने केली. शांताराम वणकुद्रे, म्हणजेच पुढचे व्ही. शांताराम. लहान वयात हुबळीच्या रेल्वे कारखान्यात राबलेला हा मुलगा बाबूरावांच्या कंपनीत आला आणि मिळेल ते काम करत शिकला. मामा म्हातारे, नट तरुण, पण भूमिका लोकांना आवडली.

मित्रांनो, युद्धकथा सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत फक्त तलवारी चमकतात आणि शेवटी जयजयकार होतो. दुसरीत जिंकल्यावर मागे काय उरलं तेही सांगितलं जातं. कोंढाण्याची गोष्ट दुसऱ्या प्रकारची आहे. मुलाचं लग्न बाजूला ठेवून निघालेला बाप परत येत नाही. गड हाती येतो, पण माणूस जातो. विजयाची किंमत सांगणारी ही कथा बाबूरावांनी निवडली आणि ती रात्रीच्या अंधारासकट दाखवली, हे महत्त्वाचं.

जाहिरातीतही ते काळाच्या पुढे होते. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका त्यांनी १९२१-२२ च्या सुमारासच काढल्या. पोस्टरं तर ते स्वतः रंगवायचे. १९२४ च्या कल्याण खजिना या चित्रपटाचं पोस्टर आज शिल्लक असलेल्या भारतातल्या सर्वांत जुन्या सचित्र पोस्टरांत गणलं जातं.

सावकारी पाश : शेतातून गिरणीत

आता आपण बाबूरावांच्या आयुष्यातल्या सर्वांत धाडसी कामाकडे येऊ. १९२५ साली त्यांनी सावकारी पाश हा मूकपट केला. कथा नारायण हरि आपटे यांची. (परीक्षेत हमखास गोंधळ होतो म्हणून लक्षात ठेवा. सिंहगडचे हरि नारायण आपटे वेगळे आणि सावकारी पाशचे नारायण हरि आपटे वेगळे.)

यात देव नव्हता, राजा नव्हता, चमत्कार नव्हता. एक साधा शेतकरी. लोभी सावकाराच्या तावडीत सापडतो आणि त्याची जमीन जाते. गाव सोडून तो शहरात येतो आणि गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याची भूमिका केली व्ही. शांताराम यांनी. त्यातलं एक दृश्य जाणकार आजही सांगतात. अंधारी, उदास झोपडी आणि बाहेर भुंकणारं, विव्हळणारं कुत्रं. मूकपटात आवाज नसतो. तरी ते कुत्रं बघून प्रेक्षकाच्या अंगावर काटा यावा, अशी ती मांडणी होती.

हे चित्र हवेतून आलेलं नव्हतं. आपल्या दख्खनमध्ये १८७५ साली पुणे आणि नगर भागात सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. लोकांनी कर्जाची कागदपत्रं जाळली. त्यानंतर १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. कायदा झाला, पण कर्ज संपलं नाही. जमीन गेलेला माणूस कुठे जाणार? जिथे भोंगा वाजतो तिथे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून असे कितीतरी लोक गेले. कोल्हापुरातही १९०६ साली शाहू महाराजांनी कापड गिरणीची स्थापना केली होती. आणि ज्या वर्षी सावकारी पाश आला, त्याच १९२५ साली पगारकपातीविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी सप्टेंबर ते डिसेंबर असा मोठा संप केला. शेतकऱ्याचा कामगार कसा होतो, हा त्या काळातला जिवंत प्रश्न होता.

जगाच्या सिनेमाकडेही नजर टाकूया. फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंनी १८९५ साली दाखवलेल्या अगदी पहिल्या चित्रपटांपैकी एकात कारखान्यातून बाहेर पडणारे कामगारच आहेत. म्हणजे सिनेमा आणि कारखाना यांची ओळख जन्मापासूनची! रशियात आयझेनस्टाइन या दिग्दर्शकाने कामगारांच्या संपावर चित्रपट केला तोही १९२५ सालीच प्रदर्शित झाला. कोल्हापूरच्या मेस्त्रीला रशियातली खबर असण्याचं कारण नव्हतं. पण दोघांच्या डोळ्यांसमोर माणूस एकच होता, राबणारा.

मग सावकारी पाश चालला का? नाही. पौराणिक कथा आणि चमत्कार यांना सरावलेल्या प्रेक्षकाला आपल्याच घरातलं दुःख पैसे देऊन बघायचं नव्हतं. कंपनी चालवायची तर पैसा हवा. बाबूरावांना पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक विषयांकडे वळावं लागलं.

शिष्य दूर गेले

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. ती काढणाऱ्यांत व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर होते. हे चौघेही बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. सोबत भांडवल घालणारे सीताराम कुलकर्णी. ज्या दामल्यांसोबत कॅमेरा घडवला तेही गेले. गुरूला काय वाटलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

त्यात १४ मार्च १९३१ रोजी आलम आरा आला आणि सिनेमा बोलू लागला. बाबूरावांना बोलपटाची फारशी ओढ नव्हती. त्यांचा विश्वास चित्रावर होता. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. तरीही काम थांबलं नाही. १९३५ साली उषा, १९३७ साली प्रतिभा असे बोलपट त्यांनी केले. आणि सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे १९३६ साली त्यांनी सावकारी पाश पुन्हा केला, या वेळी बोलपट म्हणून. एकदा न चाललेला विषय माणूस दुसऱ्यांदा कधी हाती घेतो? तो विषय आतून पटलेला असतो तेव्हाच.

१९४७ साली लोकशाहीर रामजोशी या चित्रपटाच्या निमित्ताने बाबूराव आणि शांताराम, गुरू आणि शिष्य, पुन्हा एकत्र आले. दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावं त्यावर आहेत. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांचं निधन झालं.

त्यांनी मागे काय ठेवलं?

१९२५ चा तो मूकपट आज आपल्याला पाहायला मिळत नाही. मग बाबूरावांचं काय उरलं? माझ्या मते, त्यांनी शिकवलेली दृष्टी उरली.

दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली संत तुकाराम केला. त्यातलं देहू गाव, तुकोबांचं घर, आवली हे सगळं इतकं खरं वाटतं की १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांताराम यांनी त्याच साली नारायण हरि आपटे यांच्याच कादंबरीवरून कुंकू केला. पुढे १९४६ साली त्यांनी डॉ. कोटणीस की अमर कहानी हा युद्धावरचा चित्रपट केला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा केली आणि १९४२ साली तिथेच वारले. युद्धाची गोष्ट, पण नायकाच्या हातात शस्त्र नाही, औषध आहे.

आणि १९५३ साली बिमल रॉय यांचा दो बीघा जमीन आला. त्यातला शंभू हाही कर्जापायी शहरात जातो, कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. शेवटी त्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहतो. देशभर आणि परदेशात त्या चित्रपटाचं कौतुक झालं. तशाच शेतकऱ्याची गोष्ट कोल्हापुरात २८ वर्षं आधी सांगून झाली होती. सांगणारा बरोबर होता, ऐकणारे तयार व्हायला वेळ लागला.

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाचे वडील वेल्डिंग करतात, कुणाचे गॅरेजमध्ये आहेत, कुणाच्या घरी सतारीचा भोपळा वाळत असतो. एखादा पालक म्हणतो, आमचं कसलं शिक्षण, आम्ही नुसते मेस्त्री. त्यांना बाबूरावांची गोष्ट नक्की सांगा. त्यांच्या हातातलं काम हेही ज्ञानच आहे. आणि तुमच्या हाती जेव्हा एखादं साधन येईल, मग तो कॅमेरा असो, मोबाईल असो की पेन, तेव्हा त्यातून खरं काय ते दाखवायला शिका. पहिल्यांदा कुणी बघितलं नाही तरी चालेल.

कोल्हापूरला गेलात तर खरी कॉर्नरला बाबूरावांच्या स्मरणार्थ उभारलेला कॅमेरा-स्तंभ आवर्जून बघा.

जरा डोकं चालवा

१. सेकंदाला १६ चित्रं या हिशोबाने एका तासाच्या मूकपटात किती चित्रं असतील?
२. रंगवलेला पडदा आणि खरा सेट यांत काय फरक आहे? स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या घरात किंवा शेजारी गाव सोडून कामासाठी शहरात गेलेलं कुणी आहे का? त्यांच्याशी बोला आणि दहा ओळी लिहा.
४. आवाज न वापरता दुःख दाखवायचं असेल तर तुम्ही कोणतं दृश्य दाखवाल? त्याचं चित्र काढा.